आधी पन्हळ, मग इतिहास: एका जुन्या टॉकीजचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गावाचं, टॉकीजचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मालक कुटुंबातले सगळे हयात आहेत आणि वाटणीचे काही कागद अजून व्हायचे आहेत. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवतो. टॉकीज वाचवायला जो गट जमला त्यात पहिल्या बैठकीपासून होतो. त्यामुळे पुढे जे चुकलं म्हणून लिहिलं आहे, त्यातलं बरंचसं माझ्या हातून झालेलं आहे.

पार्श्वभूमी

गावात तिला कुणी टॉकीजच्या नावानं ओळखत नाही. "टाकीपाशी ये" म्हटलं की पोराटोरांनाही कळतं. पाण्याची टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तरी कुणाचा घोटाळा होत नाही.

इमारत उभी राहिली तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या अमलाखाली, सरकारी कागद उर्दूत आणि व्यवहार हाली सिक्क्यात. सात हाली रुपयांना सहा इंग्रजी रुपये असा तो हिशेब. चार जणांनी एकत्र यायचं तर परवानगी लागे; १९२९ साली निघालेल्या गश्ती निशाण ५३ या सरकारी परिपत्रकानं सार्वजनिक सभांवर बंधनं आली होती. अशा काळात एका आडत व्यापाऱ्यानं आणि त्याच्या भागीदारानं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, कडेला नाटकासाठी 'मंडवा' बांधला. पावसाळा सरला की संगीत नाटकाच्या कंपन्या गावोगाव फिरत, जत्रेच्या सुमारास इथं मुक्काम टाकत. सुरुवातीला समोर रंगमंच, खाली माती आणि वर पत्रे एवढंच होतं. पुढच्या काही वर्षांत दगडी भिंती आल्या, रंगमंचासमोर पडदा आला आणि प्रेक्षकांच्या मागं, रस्त्याच्या बाजूला, प्रोजेक्टरची म्हणजे मशीनची खोली चढली.

पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झालं त्यानंतर, याच रंगमंचावर गावातली पहिली मोकळी सभा झाली, असं जुनी माणसं सांगतात. त्याचा लेखी पुरावा आम्हाला सापडला नाही. म्हणून ही गोष्ट मी आठवण म्हणूनच इथं ठेवतो.

१९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. टॉकीजच्या दृष्टीनं त्यात बदललं ते एवढंच, की परवाने आणि करमणूक कराचे कागद उर्दूऐवजी मराठीत येऊ लागले. १९६० पासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा काळ भरभराटीचा. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या यायच्या. ७२ च्या दुष्काळात, लोक खडी फोडायला जात होते तेव्हाही, आठवड्याच्या बाजारादिवशी खेळ भरायचा, डोअरकीपर अप्पांच्या शब्दांत, "उन्हातानात राबलेलं माणूस तीन तास गारव्याला बसाया यायचं." मग दूरदर्शन आलं, पाठोपाठ व्हिडिओ, नंतर केबल. प्रिंटची जागा डिजिटल प्रक्षेपणानं घेतली तेव्हा नवी यंत्रं बसवायला ना टॉकीज भाड्यानं घेऊन चालवणाऱ्या चालकाकडे पैसा होता ना मालकाची इच्छा. खेळ कधी बंद पडले, याचं ठरावीक उत्तर कुणीच देत नाही. आधी मॅटिनी गेली, मग रात्रीचा खेळ, आणि एका पावसाळ्यानंतर कुलूप उघडलंच नाही.

इमारत कशी होती

याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे निर्णय इमारतीच्या या अंगांवर उभे आहेत.

रस्त्याच्या बाजूला दोन मजली दर्शनी भाग: खाली व्हरांडा, तिकिटाच्या दोन खिडक्या, शहाबादी फरशीचं जोतं, वर बाल्कनीत जायचा जिना आणि मशीनची खोली. एका कडेला अरुंद वेगळं दार होतं, त्याला अजूनही 'जनाना' म्हणतात. बायका त्या दारानं आत जात आणि पडद्याआड बसत. गावातल्या एका आजींनी सांगितलं की लग्नाआधी त्या एकदाही मोठ्या दारानं आत गेल्या नव्हत्या, आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर पहिल्यांदा मोठ्या दारातून शिरताना त्यांना पिक्चरपेक्षा त्या दाराचंच जास्त अप्रूप वाटलं होतं.

दर्शनी भागामागे प्रेक्षागार. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या चुन्यातल्या जाड भिंती, वर छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी त्रिकोणी चौकटी, म्हणजे कैच्या, त्यावर आधी मंगलोरी कौलं आणि नंतर पत्रे. दर्शनी भागाचं छत सपाट, प्रेक्षागाराचं उतरतं. दोन्ही जिथं भेटतात तिथं एक पत्र्याची पन्हळ आडवी गेलेली. या पन्हळीवर लक्ष ठेवा.

मशीनची खोली सगळ्यात मजबूत. तिला बाहेरून वेगळा जिना होता, दार लोखंडी आणि प्रक्षेपणाच्या चौकोनी झरोक्यांवर वरून खाली पडणाऱ्या लोखंडी झडपा होत्या. त्याचं कारण असं, की जुनी फिल्म नायट्रेटची असे आणि ती पेटली की विझत नसे. पन्नासच्या दशकात सुरक्षित फिल्म आली, पण झडपा तशाच राहिल्या. प्रकाशासाठी आधी कार्बनच्या कांड्या जाळत, नंतर झेनॉनचा दिवा आला. ऑपरेटर चाचांनी चाळीस वर्षं या खोलीत काढली. कांड्या जळताना मूठ फिरवून त्यांच्यातलं अंतर सतत सारखं ठेवावं लागे, नाहीतर पडदा पिवळा पडे आणि खालून शिट्ट्या सुरू होत. त्यांचा उजवा हात अजूनही बोलता बोलता ती मूठ फिरवतो.

अडचण

कुलूप लागल्यावर काही वर्षांनी एका पावसाळ्यात बाजूच्या भिंतीचे दोन दगड गल्लीत पडले. कुणाला लागलं नाही. आठवड्याभरात नगरपरिषदेची नोटीस आली: महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५, कलम १९५, धोकादायक इमारत.

मालकी पाच वारसांची. दोघं पुण्यात, एक हैदराबादला, दोघं गावात. थोरले काका गावातच राहतात आणि टॉकीजबद्दल त्यांना माया आहे, हे मी मनापासून सांगतो. पण दर वर्षी घरपट्टी भरायची ती त्यांनीच, आणि बाकीचे भाऊ विचारत, "दादा, ठेवून करायचं काय?" शिवाय चालकाच्या वारसांचा भाडेकरू म्हणून दावा होता. तो मुळात हैदराबादच्या १९५४ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालचा. २००० साली महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, तरी दावा मिटला नव्हता. जागा मोंढ्याला लागून, म्हणजे गाळे बांधले तर दुसऱ्याच दिवशी घेणारे तयार.

वारसांकडे एक स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीचा अहवाल, होतं: इमारत पाडण्यायोग्य. तो अहवाल मी तीनदा वाचला. त्यात काँक्रीटच्या खांबांची ताकद हातोडीच्या चाचणीनं मोजल्याचे आकडे होते. इमारतीत काँक्रीटचा खांब एकही नाही. ती चाचणी काँक्रीटसाठी असते, चुन्यातल्या दगडी भिंतीबद्दल ती काही सांगू शकत नाही. दुसऱ्या कुठल्या इमारतीचा नमुना उचलून नाव बदललेला तो कागद होता.

समोर असलेले पर्याय

गट जमला तो या नोटिशीमुळे. मी, एक निवृत्त मुख्याध्यापिका, दोन व्यापारी, नाटकात काम करणारी काही पोरं, चाचा आणि अप्पा. पहिल्या बैठकीत चार वाटा समोर आल्या.

पाडून गाळे काढणं ही वारसांची वाट. त्यात वाईट असं काही नाही. पाच घरांचा प्रश्न त्यात सुटत होता.

नगरपरिषदेनं विकत घेऊन नाट्यगृह करावं, हे आमच्यातल्या पोरांचं स्वप्न. नगराध्यक्षांनी बैठकीत मान हलवली, पण जमीन संपादनाचा आकडा निघाल्यावर तो विषय पुन्हा अजेंड्यावर आला नाही. शिवाय जुन्या प्रेक्षागाराला बाहेर पडायचे रस्ते कमी होते. १९९७ साली दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसं गेली, त्यानंतर बंदिस्त थिएटरच्या आगीच्या परवान्याकडे कुणी हलकं बघत नाही, आणि बघूही नये.

दुरुस्त करून मंगल कार्यालय करावं, असं व्यापाऱ्यांचं म्हणणं. पैसा त्यातून उभा राहिला असता. पण कार्यालयाला मोकळं पटांगण, स्वयंपाकघर, गाड्या लावायला जागा लागते, आणि ते बांधताना जुनं किती उरलं असतं ही शंका होती.

चौथी वाट माझी: इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळवायचं, म्हणजे नोटीस आपोआप थांबेल. मी वर्गात इतिहास शिकवतो, मला हीच वाट सरळ दिसली. गटानं ती मान्य केली. आमचा पहिला मोठा निर्णय हा, आणि मोठी चूकही हीच.

आम्ही काय केलं: सालाचा वाद

संरक्षणासाठी वय सिद्ध करायला हवं म्हणून आम्ही साल शोधायला लागलो. थोरल्या काकांच्या घरच्या लाकडी पेटीत एक उर्दू परवाना निघाला. खाली सही, शिक्का आणि साल: १३५०. कागदाला पाणी लागलं होतं. अंकापुढचं अक्षर पुसलेलं.

काकांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की आपली टॉकीज १९३१ ची, मराठवाड्यातली सगळ्यात पहिली. हिजरी १३५० म्हणजे १९३१-३२, म्हणजे हिशेब जुळतो. गावभर फलक लागले. एका स्थानिक पेपरात बातमी आली. पण १९३१ हे भारतातल्या पहिल्या बोलपटाचं साल, आणि पहिला मराठी बोलपट तर १९३२ चा. आमच्या गावी त्याच वर्षी टॉकीज? मला ते पटत नव्हतं, पण बोलायला धीर होत नव्हता, कारण तो दावा लोकांना एकत्र आणत होता.

शेवटी उर्दू शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींकडे कागद नेला. त्यांनी भिंग लावलं आणि सालाकडे न बघता आधी महिना वाचला: खुर्दाद. "सर, हा हिजरी महिना नाही," ते म्हणाले. "मोहरम, सफर, रमजान असं काही असतं तर हिजरी. खुर्दाद फसलीतला." हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाज फसली सनानं चाले, त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे फारसी. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं, आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. खुर्दाद १३५० फसली म्हणजे १९४१ चा उन्हाळा.

दहा वर्षांचा फरक एका पुसलेल्या अक्षरानं पडला होता. काकांना हे सांगायला मी आणि मुख्याध्यापिका बाई गेलो. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "म्हणजे आबांनी पन्नास वर्षं चुकीचं सांगितलं का?" बाईंनी उत्तर दिलं, "आबांनी आकडा बरोबर सांगितला, काका. आपण वाचला चुकीचा." त्या वाक्यानं काका आमच्या बाजूला राहिले, असं मी आजही मानतो.

आता खरी अडचण सांगतो. १९३१ की १९४१ या वादात आमचे जवळपास दहा महिने गेले. आणि प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा, १९५८ चा, शंभर वर्षांची अट घालतो. दोन्ही सालं त्या अटीत बसत नव्हती. कायदा आधी वाचला असता तर साल निश्चित करायची एवढी घाई नव्हती. आम्हाला दुसरी वाट दिसली ती विकास नियंत्रण नियमावलीतल्या वारसा यादीची. पण यादी स्थानिक नियोजन प्राधिकरणानं तयार करावी लागते, आणि आमच्या नगरपरिषदेकडे यादीच नव्हती. एका इमारतीसाठी यादी करायला कुणी तयार नव्हतं, आणि पूर्ण यादी करायला कुणाला वेळ नव्हता.

आम्ही काय केलं: भिंत आणि पन्हळ

साल शोधत असताना पाऊस दोनदा येऊन गेला. पन्हळीत पिंपळाचा पाला साचला होता, एका सांध्यातून पिंपळच उगवला होता. पाणी तुंबून मागं भिंतीत मुरत होतं आणि नेमकं तिथंच कैच्यांचे पाय भिंतीत रुतलेले. सागवान उघड्यावर शंभर वर्षं टिकतं. भिंतीत बसवलेलं, सतत ओलं राहिलेलं टोक टिकत नाही; ते आतून मऊ होतं, वाळवी लागते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. अप्पांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं: "सर, ती पन्हळ आधी मोकळी करा." मी वहीत लिहून घेतलं. ती वही माझ्याकडे आहे, त्या ओळीपुढे बरोबरची खूण नाही.

दुसऱ्या ऑडिटसाठी आम्ही लातूरकडच्या एका अभियंत्यांना बोलावलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी गावोगाव दगडी घरांच्या मजबुतीकरणाचं काम पाहिलं होतं. आमच्या भागातल्या माणसांच्या मनात जाड दगडी भिंतीबद्दल जी भीती आहे ती किल्लारीची आहे, आणि ती खोटी नाही. पहाटे चारच्या सुमारास हजारो माणसं अशाच भिंतींखाली गेली. त्यामुळे गावात "दगडाची भिंत आहे, पाडा" म्हणणाऱ्याला कुणी वेड्यात काढत नव्हतं.

त्या अभियंत्यांनी भिंतीला हात लावून, खिळ्यानं सांधे खरवडून, ओळंबा धरून दोन दिवस काढले. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं: आपल्याकडची जाड भिंत म्हणजे बऱ्याचदा दोन पातळ भिंती असतात. आतली एक, बाहेरची एक, मधे खडी-मातीचा भराव. दोघींना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की पाण्यानं भराव फुगतो आणि बाहेरची पाळी पोट काढते. किल्लारीत ती मातीत बांधलेली होती. इथं चुन्यात आहे, तो चुना अजून बऱ्याच ठिकाणी घट्ट आहे. गल्लीकडच्या भिंतीला एका पट्ट्यात पोट आलंय, बाकी शाबूत. उपाय तोच जो किल्लारीनंतर वापरला: ठरावीक अंतरावर भिंतीत आरपार भोक पाडायचं, आकडा वळवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पाळ्या एकमेकींना शिवल्या जातात. मग त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "भिंतीची काळजी नंतर करा. मला कैच्यांचे पाय उघडून दाखवा."

पाय उघडायला वारसांची लेखी संमती हवी होती. पुण्याच्या एका भावानं सही द्यायला चार महिने लावले. त्यांची भीती अशी, की एकदा दुरुस्तीला हात लावला तर भाडेकरूचा दावा पक्का होईल. ती भीती वकिलाच्या दृष्टीनं अगदी निराधार नव्हती, आणि आम्ही ती वेळेत समजून घेतली नाही.

या सगळ्यात एक बरं काम झालं, ते नोटिशीचं. कलम १९५ ची नोटीस म्हणजे पाडण्याचा हुकूम, असा गावात समज आहे. बाईंनी कलम काढून वाचलं. धोकादायक इमारत पाडणं त्यात येतं, तसंच ती आधार देऊन सुरक्षित करणं किंवा दुरुस्त करणंही येतं. आम्ही नव्या अहवालासह उत्तर दिलं, गल्लीकडच्या भिंतीला लोखंडी पाइपांचा टेकू दिला, गल्ली दोन महिने बंद ठेवली. मुख्याधिकाऱ्यांनी मुदत वाढवून दिली. त्या बाईंसारखं कागद शेवटपर्यंत वाचणारं माणूस प्रत्येक गटात असावं.

आणि नोंदी. शहरातल्या आर्किटेक्चर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर राहून इमारत मोजून काढली: प्रत्येक कमान, कैचीचा प्रत्येक सांधा, झडपांची बिजागरी. आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याच्या आणि करमणूक कराच्या जुन्या फायली शोधल्या; कुठल्या वर्षी किती खुर्च्या, कुठला दर्जा, कधी दुरुस्तीचा शेरा, हे तिथं मिळतं. कुणी आपल्या गावच्या टॉकीजचा इतिहास लिहायला बसलं असेल तर आधी या फायलींकडे जावं. करमणूक कर २०१७ साली जीएसटीत विरघळला, शाखा बंद झाल्या, आणि त्या फायली कुठल्या कपाटात कुठवर राहतील याचा भरवसा नाही.

निकाल

तिसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात, रात्री पन्हळीजवळची कैची खाली आली. तिच्यामागं दुसरी. पत्र्याचा आवाज मोंढ्यापर्यंत गेला. आत कुणी नव्हतं. सकाळी आम्ही दारात उभे होतो आणि आत, जिथं कायम अंधार असायचा, तिथं खुर्च्यांवर ऊन पडलेलं होतं. चाचा आत गेले नाहीत.

पाय उघडायची परवानगी मिळून आठ दिवस झाले होते. काम सोमवारी सुरू होणार होतं.

यानंतरच्या वाटाघाटी मात्र लवकर झाल्या. सगळ्यांनाच धक्का बसला होता, वारसांनाही. प्रेक्षागाराचं छत पूर्ण उतरवायचं ठरलं. गल्लीकडची भिंत अर्ध्या उंचीपर्यंत उतरवून, उरलेली सळयांनी शिवून ठेवली. मोंढ्याच्या बाजूला वारसांनी गाळे काढले, त्यात भाडेकरूच्या वारसांना दोन गाळे देऊन जुना दावा मिटला. दर्शनी भाग, मशीनची खोली आणि रंगमंचामागची भिंत ठेवली. दर्शनी भाग नगरपरिषदेनं भाडेकरारानं घेतला. खाली अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं पहाटेपासून येतात. प्रेक्षागाराची जागा उघडी, जुनी शहाबादी फरशी तशीच. गणेशोत्सवात आणि मुक्तिसंग्राम दिनाला तिथं नाटक किंवा व्याख्यान होतं. प्रोजेक्टर व्हरांड्यात ठेवला आहे. जनान्याचं दार बंद होतं, ते उघडून त्याचा अभ्यासिकेत जायचा रस्ता केला. मुली तिथूनच जास्त येतात, ते जवळ पडतं म्हणून.

गटातल्या काही जणांना हा पराभव वाटतो. नाटकातली पोरं म्हणतात, थिएटर गेलं आणि भिंत राहिली. त्यांचं दुःख मला कळतं. बंदिस्त नाट्यगृह या गावात अजून नाही आणि उघड्या रंगमंचावर पावसाळ्यात प्रयोग होत नाही. पण मशीनची खोली, दर्शनी भाग आणि तीन पिढ्यांच्या आठवणी ज्या जागेला चिकटल्यात ती जागा राहिली, याचं समाधान मी लपवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, छपराची. पन्हळ साफ करून त्यावर जाड ताडपत्री बांधायला दोन माणसं आणि एक दिवस लागला असता. त्याला कुठल्या संरक्षणाची किंवा मालकीच्या निकालाची गरज नव्हती. काकांच्या तोंडी होकारानं झालं असतं. ते केलं असतं तर कैच्या वाचल्याच असत्या असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण पाय आधीच किती सडले होते ते कुणी बघितलं नव्हतं. पण दोन पावसाळे मिळाले असते. जुन्या इमारतीच्या कामात आधी पाणी थांबवायचं आणि मग बाकी सगळं, हे मला आता पाठ आहे. अप्पांना ते शाळेत न जाता माहीत होतं.

दुसरी, पहिलेपणाच्या दाव्याची. १९३१ चं साल आम्ही फलकांवर छापायला नको होतं. नंतर ते मागं घेताना गावातल्या काहींना वाटलं, यांचं बाकीचंही खोटंच असेल. १९४१ ची इमारत, निजामी राजवटीतला परवाना, जनान्याचं दार, नायट्रेटच्या भीतीनं बांधलेली खोली: एवढ्यावर भागलं असतं. पहिली असण्याची गरजच नव्हती.

तिसरी गोष्ट मला सांगायला जड जाते. वारसांशी आम्ही पहिले काही महिने विरोधक असल्यासारखं बोललो. त्यांनी गाळ्यांचा विषय काढला की आमची तोंडं वाकडी व्हायची. शेवटी तोडगा निघाला तो गाळे आणि दर्शनी भाग एकत्र ठेवूनच. हा आराखडा विद्यार्थ्यांनी मोजणीच्या वेळीच कागदावर काढून दाखवला होता, छपरासकट. तेव्हा तो घेऊन पुण्याच्या भावांकडे गेलो असतो तर सहीला चार महिने लागले नसते.

आणि भाडेकरूचा दावा. दुरुस्तीनं दावा पक्का होणार नाही असा साधा करार, दोन्ही बाजूंच्या सहीनं, वकिलानं सुरुवातीलाच करून दिला असता. आमच्या गटात वकील नव्हता, आणि तो शोधायला हवा हे आम्हाला सुचलं नाही.

सध्याची स्थिती

दर्शनी भागाच्या डागडुजीत ठेकेदारानं खालच्या फूटभर पट्ट्यात सिमेंटचा गिलावा केला आहे. दगड-चुन्याच्या भिंतीला तो चालत नाही; आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती वर चढते. यंदा पहिल्या पावसानंतर पट्ट्याच्या वर पांढरा क्षार फुटलेला दिसला. तो गिलावा काढून चुन्याचा करायचा आहे. चुना मळणारा एक गवंडी शेजारच्या तालुक्यात सापडला आहे. बेलफळाचा गर आणि गूळ घालून घाण्यात चुना कसा मळतात हे त्यानं वडिलांकडून पाहिलं आहे. चुना भिजवून ठेवायला अभ्यासिकेमागं खड्डा खोदून झाला आहे. पन्हळीच्या जागी आता नवा उतार केला आहे, आणि मृग लागायच्या आधी तो झाडून काढायचं काम अप्पांनी स्वतःकडे ठेवलं आहे.